खातं कोणाच्या नावावर?

केसलापूरच्या नागोबाचं नवं देऊळ डिसेंबर 2022 मध्ये खुलं झालं. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातलं हे गाव पौष अमावास्येच्या जत्रेमुळे विदर्भ-मराठवाड्यातही माहीत आहे. राजगोंडांमधल्या मेस्राम कुळाचं हे दैवत. जत्रेआधी कुळातली माणसं अनवाणी चालत जन्नारमकडच्या गोदावरीपर्यंत जातात, तिथलं पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. नव्या देवळाला सुमारे 5 कोटी रुपये लागले. मेस्रामांनी ते आपल्याच कुळात वर्गणी करून उभे केले. त्यात कापसावर जगणारी घरं होती, सरकारी नोकरीत गेलेलीही होती.

एवढा पैसा जमतो तेव्हा मला आधी एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते. मधल्या काळात तो कोणाच्या हातात असतो? कुळाकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पटेल कोण, पूजा करणारा कटोडा कोण, कुळाची गाथा गाणारा परधान कोण, कोणाच्या शब्दावर काय हलायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोयरीक, देव आणि जत्रा यांनी बांधलेला माणूस पैसे घेऊन जाणार कुठे? पण एका आळीत राहणाऱ्या, वेगवेगळ्या जातींच्या, घरात वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बारा बायकांनी दर महिन्याला थोडे पैसे एकत्र ठेवायचे म्हटलं, तर त्यांच्यामागे ना कूळ असतं ना कटोडा. त्यांना दुसरा काहीतरी आधार लागतो. आदिलाबादेत तो आधार गेल्या पाव शतकात उभा राहिला आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने तो नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

बँकेचा फॉर्म पहिल्याच ओळीत विचारतो, खातं कोणाच्या नावावर? व्यक्ती असेल तर तिची ओळखपत्रं, संस्था असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र. या दोन्हींच्या मधे जे असतात, म्हणजे आळीतली भिशी, शाळेचे माजी विद्यार्थी, पुरात मदत गोळा करणारी तरुण मुलं, त्यांना त्या फॉर्मवर जागा नसते. मग पैसे एखाद्या विश्वासातल्या माणसाच्या खात्यात जातात. घडी बसलेली असेतोवर निभतं. त्याच्या घरात आजारपण निघालं, त्याच्यावर कर्ज झालं किंवा तो वारलाच, तर सगळ्यांचा पैसा त्याच्या वारसांच्या दारात जाऊन पडतो. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला आपल्याकडे धर्मादाय कार्यालयाची कलम 41-क खालची परवानगी लागते ती याच भीतीपोटी. पण ती परवानगी हंगामी असते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गटाला तिचा उपयोग नाही.

जगात इतरत्र यावर एक तोडगा निघाला. जिची नोंदणी आहे, जिचं लेखापरीक्षण होतं, अशी एखादी संस्था नोंदणी नसलेल्या गटाचा पैसा आपल्या खात्यात सांभाळते. खतावणीत गटाचं पान वेगळं असतं. खर्च कशावर करायचा हे गट ठरवतो आणि बिल पाठवतो. संस्था बिल तपासून पैसे देते, कर आणि कायद्याचं बघते, आणि त्याबद्दल थोडी रक्कम कापून घेते. अशा संस्थेला फिस्कल होस्ट म्हणतात. ओपन कलेक्टिव्हसारख्या व्यवस्थेत तर गटाचा प्रत्येक जमाखर्च कोणालाही पाहता येतो. यातली खरी गंमत खात्यात नाही, फारकतीत आहे: ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय त्याच्या हातात रोकड नाही.

आदिलाबादच्या बायकांनी फिस्कल होस्ट हे नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्या ‘संघम’ म्हणतात, ‘समाख्या’ म्हणतात, जुन्या बायका अजून ‘ड्वाक्रा’ म्हणतात.

याची पहिली पायरी देशपातळीवर पडली. 1992 मध्ये नाबार्डने 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटालाही बचत खातं उघडू दिलं. वाचायला ही एका ओळीची परवानगी आहे. पण तिने ‘खातं कोणाच्या नावावर?’ या प्रश्नाला नवं उत्तर दिलं: गटाच्या नावावर. त्याच सुमारास आंध्रात नेल्लूर जिल्ह्याच्या दुबगुंटा गावातून दारूविरोधी आंदोलन पेटलं, आणि दारूत जाणारा पैसा बाजूला टाकायची सवय बायकांच्या गटांना लागली. तेलुगूत याला ‘पोदुपु’ म्हणतात. 1995 मध्ये आंध्रने परस्पर साहाय्यक सहकारी संस्थांचा वेगळा कायदा केला. महाराष्ट्रातल्या वाचकाला या कायद्याचं मोल चटकन कळेल, कारण सहकारात सरकारचं भागभांडवल आणि सरकारचा प्रशासक किती खोल शिरतो हे आपण पाहिलेलं आहे. नव्या कायद्याने सरकारचं भांडवल बाहेर ठेवलं आणि निवडणूक, सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण यांची जबाबदारी सभासदांच्याच गळ्यात घातली.

2000 साली जागतिक बँकेच्या मदतीने ‘वेलुगु’ प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या सहा जिल्ह्यांत श्रीकाकुलम, विजयनगरम, चित्तूर, अनंतपूर, महबूबनगर यांच्यासोबत आदिलाबाद होतं. आदिलाबाद तेव्हा आजच्या चौपट पसरलेलं होतं. 11 ऑक्टोबर 2016 रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. रचना मात्र तीच राहिली. दहा ते पंधरा बायकांचा गट. गावातले गट मिळून ग्रामसंघ, म्हणजे ‘ग्रामैक्य संघम’. ग्रामसंघ मिळून मंडल समाख्या, आणि त्यावर जिल्हा समाख्या. गटाची नोंदणी नसते. ग्रामसंघ आणि समाख्या 1995 च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात. प्रकल्पाचा पैसा समाख्येच्या खात्यात उतरतो, तिथून ग्रामसंघाकडे, ग्रामसंघाकडून गटाकडे, गटाकडून एखाद्या बाईच्या शेळीला, शिलाई मशीनला किंवा कपाशीच्या बियाण्याला जातो, आणि हप्त्या-हप्त्याने त्याच वाटेने वर परततो. मग तोच पैसा दुसऱ्या गावात फिरतो. 2011 मध्ये याच समाख्यांच्या भांडवलावर ‘स्त्रीनिधी’ ही पतसंस्था उभी राहिली, मोबाइलवरून मागणी नोंदवली की 48 तासांत कर्ज, या वचनावर. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान देशभर नेलं ते बऱ्याच अंशी आंध्रच्या या घडणीवरून. महाराष्ट्रातलं ‘उमेद’ हे त्याच घराण्यातलं.

गटाची बैठक जवळून पाहण्यासारखी असते. कोणाच्या तरी ओसरीत सतरंजी पडते, बायका गोल बसतात. गोलाची रीत महत्त्वाची, कारण रांगेत मागे बसलेलीला पुढे काय मोजलं जातंय ते दिसत नाही. हजेरी होते. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं. मग एकेक बाई आपली बचत आणि हप्ता सतरंजीच्या मधोमध ठेवते, रक्कम मोठ्याने सांगते, आणि ती गटाच्या वहीत चढते तेव्हाच तिच्या पासबुकातही चढते. आकडा एकाच वेळी तीन ठिकाणी जातो: बाईच्या पासबुकात, गटाच्या वहीत आणि सगळ्यांच्या कानात. शेवटची जागा सर्वांत भरवशाची, असं माझं मत आहे. कोण किती थकलंय हे कागदावर शोधावं लागतं, ऐकलेलं मात्र चार चौघींच्या लक्षात राहतं. नंतर कर्जाची मागणी निघते. एकीला मुलीच्या बाळंतपणाला हवेत, दुसरीला फवारणीला. कोणाला आधी द्यायचं यावर वाद होतो, कधी कडाक्याचा. ठरलं की ठराव लिहितात, तेलुगूत ‘तीर्मानम’. ठरावाची प्रत आणि दोघींच्या सह्या असल्याशिवाय बँकेतून पैसे निघत नाहीत. व्याज साधारण शेकडा एक रुपया महिना. ज्या गावांत सावकाराने शेकडा तीन आणि पाचही घेतलेले आहेत तिथे या एका रुपयाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं नियमाने चालतं तिथे ही व्यवस्था जगातल्या कोणत्याही फिस्कल होस्टच्या तोडीची आहे, किंबहुना सरस. त्या व्यवस्थेत पैसे देणारा पडद्यावर हिशोब पाहतो. इथे पैसे देणारी, घेणारी आणि पाहणारी एकाच सतरंजीवर असतात.

पण नियम सुटला की काय होतं तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बैठका भरणं बंद होतं आणि हिशोबनीस आठवडी बाजारात उभ्या उभ्या हप्ते गोळा करते. बँकेचं पासबुक महिनोन्‌महिने छापून येत नाही. गटाच्या नावावर उचललेलं कर्ज दोघींच्याच घरात जातं आणि हप्त्याची जबाबदारी बाराही जणींवर राहते. इतिवृत्त आधी लिहून ठेवतात, सह्या नंतर घरोघर फिरून घेतात. अशी तक्रार निघाली की एका बाईला चोर ठरवून गाव मोकळं होतं. मला हे पटत नाही. त्या हिशोबनीस बाईला मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर नाही; कुठलीही सरकारी योजना आली की सर्वेक्षणाचं काम तिच्याच डोक्यावर. फारकत मोडते ती इथे. लिहिणारी, गोळा करणारी आणि बँकेत भरणारी एकच झाली की ती प्रामाणिक असली तरी तपासणारं कोणी उरत नाही.

2010 मध्ये याची किंमत सगळ्या राज्याने मोजली. खासगी सूक्ष्मकर्ज कंपन्यांनी याच बायकांच्या ओळखीपाळखीवर आपले गट बांधले, आठवड्याचे हप्ते लावले, एकीचं कर्ज फेडायला दुसरं कर्ज दिलं. वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्या आणि ऑक्टोबर 2010 मध्ये राज्याला वटहुकूम काढावा लागला. त्या कंपन्यांचे हिशोब कागदोपत्री चोख होते, संगणकावर दर हप्त्याची नोंद होती. पण ती नोंद कंपनीची होती. बाईला फक्त किती द्यायचे ते कळे.

सांभाळणारी संस्था सरकारी आणि सद्‌हेतूची असली तरी दुरावा येऊ शकतो, याचं उदाहरण ‘अभयहस्तम’. 2009 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गटातल्या बाईने रोज 1 रुपया टाकायचा, सरकारने 1 रुपया टाकायचा, आणि साठी उलटल्यावर पेन्शन. बायकांनी इमानाने पैसे भरले. राज्य दुभंगलं, धोरणं बदलली, योजना थंडावली, आणि अखेर 2022 मध्ये तेलंगणा सरकारने बायकांचे पैसे परत करायचं जाहीर केलं. मधली वर्षं तो पैसा कोणाच्या पानावर, किती व्याजाने पडून होता, हे गावातल्या बाईला विचारायला खिडकी नव्हती. बिनव्याजी कर्जाचंही तसंच. गट बँकेला व्याज भरतो, सरकार ते मागाहून परत करतं. परताव्याची थकबाकी वर्षं-वर्षं साचते, आणि आली तरी गटाच्या खात्यात एका न कळणाऱ्या ओळीच्या रूपाने येते.

परदेशातल्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने फेब्रुवारी 2024 मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं कळवलं आणि तिच्या छत्राखालच्या शेकडो लहान गटांना वर्षाच्या आत नवं छत्र शोधावं लागलं. आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. मोठी संस्था लहानग्यांचा हिशोब सांभाळते ही वाट त्या पैशापुरती बुजली. गैरवापर रोखण्याचा हेतू असेल, पण ज्यांना स्वतःचं लेखापरीक्षण परवडत नव्हतं असे दूरच्या भागातले गट त्यात आधी पडले. समाख्येचं बळ इथे दिसतं. तिचं भांडवल बायकांच्या बचतीतून आणि फिरून आलेल्या व्याजातून वाढलेलं आहे, म्हणून ती कोणाच्या एका पत्राने बंद पडत नाही.

जंगलाच्या पैशाचं उदाहरण याहून बोलकं आहे. आंध्रात 1990 च्या दशकापासून गावोगाव वन संरक्षण समित्या झाल्या, त्या आदिलाबादच्या सागाच्या जंगलांतही झाल्या. समितीचं खातं गावचा अध्यक्ष आणि वनखात्याचा कर्मचारी यांच्या संयुक्त सहीचं. म्हणजे सांभाळणाऱ्याच्याच हातात नकाराधिकार. सीमेपलीकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वेगळी वाट धरली. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीचं परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलं. बांबू विकणारी ग्रामसभा, पैसा ग्रामसभेचा, खर्चाचा निर्णय सर्वसहमतीने. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगटाची जी सवय लावली तिच्याशिवाय हे झालं नसतं. नुसतं खातं मिळालं आणि गावाला हिशोब ऐकायची सवय नसली, तर फक्त सावकार बदलतो.

आदिलाबादेत आता हा प्रश्न जास्त निकडीचा झाला आहे, कारण समाख्यांच्या हातून जाणारा पैसा वाढतो आहे. 2024 मध्ये तेलंगणातल्या सरकारी शाळांच्या दुरुस्तीसाठी ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या झाल्या, त्यांच्या अध्यक्षपदी ग्रामसंघाच्या अध्यक्षा. गणवेश शिवायचं काम गटांकडे आलं. 2025 मध्ये राज्यातल्या मंडल समाख्यांनी बस घेऊन राज्य परिवहन महामंडळाला भाड्याने दिल्या. बचतीच्या वहीतून ही मजल आनंदाची आहे. मात्र छताच्या दुरुस्तीचं बिल आणि बसच्या भाड्याचा करार वाचणं हे हप्त्याच्या पानापेक्षा अवघड काम आहे, आणि ते कोणत्या भाषेत वाचायचं हा प्रश्न या जिल्ह्यात कोपऱ्यात ढकलता येत नाही.

पैनगंगेच्या अलीकडची बेला, जैनद, तामसी, भीमपूर ही मंडलं घ्या. पलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर, पश्चिमेला नांदेड. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याच्या आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, ही गावं तेलुगू राज्यात राहिली. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-हिंदी, काही गावांत शाळाही मराठी माध्यमाची. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडे गोंडी आणि कोलामी. जिल्ह्यात जवळजवळ एक तृतीयांश लोक आदिवासी. आणि गटाच्या वहीचे छापील नमुने, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, समाख्येच्या ऑफिसातून येणारी पत्रं तेलुगूत. मराठी शाळेत चौथी-सातवीपर्यंत शिकलेली बाई देवनागरी झरझर वाचते, पण तिच्याच बचतीचं पान तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. आता नोंदी मोबाइलच्या ॲपवर जाऊ लागल्या आहेत. वरच्या ऑफिसात आकडे लगेच पोचतात, हे चांगलंच. पण वही सतरंजीवर उघडी पडत असे, मोबाइल एकीच्याच हातात असतो.

याच मातीत भाषेच्या प्रश्नाचं उत्तर एकदा दिलं गेलं आहे. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा नेता कोमरम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या प्रश्नाचा अभ्यास करायला पाठवलं. तो मारलवाईत राहिला. केसलापूरच्या जत्रेत 1940 च्या दशकापासून भरणारा दरबार, जिथे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात, तो त्याच्याच पुढाकाराचा. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याची योजना सुरू झाली, आणि त्यांच्यासाठी वाचनपुस्तकं गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत छापली गेली. आपले सेतुमाधवराव पगडी त्या काळात याच भागात अधिकारी होते, गोंडी शिकले होते आणि गोंडांवर पुस्तक लिहून गेले. महायुद्धाच्या दिवसांत, घनदाट जंगलात, सरकारने लोकांच्या भाषेत पुस्तकं छापली. आज खिशातल्या मोबाइलवरून हप्ता भरल्याचा निरोप मराठीत किंवा देवनागरी गोंडीत पाठवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

माझी मागणी लहान आहे. बेला किंवा इंद्रवेल्लीच्या कोणत्याही ग्रामसंघाने महिन्याचा जमाखर्च एका पानावर देवनागरीत काढावा: मागची शिल्लक, कोणत्या गटाकडून किती आले, कोणत्या गटाला किती गेले, सरकारकडून काय यायचं आहे, बँकेत किती आहे. ते पान शाळेच्या किंवा संघाच्या भिंतीवर लागावं आणि बैठकीत मोठ्याने वाचलं जावं. रोजगार हमीच्या सामाजिक लेखापरीक्षणात या राज्याने मजुरांच्या हजेऱ्या गावासमोर वाचून दाखवल्या आहेत, तेव्हा रीत नवी नाही. वाचणारी आणि लिहिणारी वेगवेगळ्या असाव्यात, आणि वाचणारी दर महिन्याला बदलावी. मंडल समाख्येची वार्षिक सर्वसाधारण सभा होते तिथे असा ठराव कोणताही ग्रामसंघ मांडू शकतो. कायदा बदलावा लागत नाही, संस्था बायकांची असल्यामुळे हैदराबादच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि कागदाचा खर्च समाख्येच्या एका महिन्याच्या व्याजातही सहज निघेल.